सर्व्हर म्हणतो 'ठीक', केंद्रावरून फोन येतात 'बंद' : स्थिती सांगणारी एपीआय कशी लिहावी?

घाटावरचा (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री १०.२०

मंडळी, जरा लांबण लागेल, पण पहिल्यापासून सांगतो.

मी तालुक्याच्या गावी असतो आणि एका दूध संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. साठेक गावांत केंद्रं आहेत. शेतकरी कॅन घेऊन येतो, सचिव नमुना काढतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) सांगतं, काटा वजन सांगतो, आणि ही एवढी एक ओळ इंटरनेटवरून सर्व्हरवर जाऊन पडते. सकाळचं संकलन साडेपाचला सुरू होतं, आठपर्यंत आटपतं. दहा दिवसांनी याच ओळींवरून दूधबिल निघतं. एक ओळ हुकली तरी सचिवाच्या दारात माणूस उभा.

सर्व्हर भाड्याचा : ४ कोअर, ८ जीबी मेमरी, ८० जीबी डिस्क, उबुंटू. बाहेरची एक फुकट सेवा दर पाच मिनिटांनी आमचं मुखपृष्ठ उघडून बघते. 'पान नीट उघडलं' सांगणारा २०० हा कोड आला की हिरवा ठिपका. त्या ठिपक्यावर माझा फार जीव होता.

गेल्या शुक्रवारी पावणेसहाला पहिला फोन. "साहेब, पावती निघंना झालीय." मी अंथरुणातूनच मोबाइलवर ठिपका बघितला, हिरवा. म्हटलं, तुमचं नेट बघा. सहा वाजेपर्यंत अकरा फोन. मग उठून लॉगिन केलं तर डिस्क भरलेली. मुखपृष्ठ कॅशमधून, म्हणजे आधी साठवलेल्या प्रतीतून, येत होतं म्हणून ते छान उघडत होतं, डेटाबेसला मात्र नवीन ओळ लिहायला जागा नव्हती. त्या दिवशीचं सकाळचं दूध वहीत लिहिलं आणि दुपारी बसून चढवलं.

गंमत म्हणजे मी रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून एक फाइल लिहून बघितली, ती मजेत लिहिली गेली. त्यात माझी आणखी दहा मिनिटं गेली. आणि बॅकअप रात्री बाराला होतो. जागा त्यानं खाल्ली असेल, तर पहाटे साडेपाचपर्यंत सगळं सुरळीत कसं चाललं, हे अजून कळलेलं नाही.

तर आता पायथनमध्ये एक छोटी एपीआय, म्हणजे विचारलं की उत्तर देणारा पत्ता, लिहिली आहे. पीएसयूटिल ही तयार लायब्ररी वापरून सीपीयू, मेमरी, लोड, डिस्क यांचे आकडे गोळा करते आणि जेसनमध्ये (नाव : किंमत अशा साच्यात) देते. चेअरमनसाहेबांना मोबाइलवर बघायचं असतं म्हणून नावं मराठीत ठेवलीत. इथल्या संपादकात कोड टाकला की सगळा विस्कटतो, म्हणून उत्तर कसं येतं तेवढंच लिहितो :

अवस्था : ठीक
सीपीयू_टक्के : ०.०
मोकळी_मेमरी_एमबी : २१०
लोड : ६.१, ५.८, ५.९
डिस्क_टक्के : ५४
फोटो_फोल्डर_जीबी : १९
दुसऱ्या_डिस्कवरची_जागा_जीबी : ३१

अडचणी अशा : सीपीयू कायम शून्य दाखवतो. मोकळी मेमरी कायम दोनशेच्या आसपास, म्हणजे आठ जीबी कमी पडतेय का? आणि टॉप या कमांडमध्ये सीपीयू दहा टक्केही नसताना लोड सहा कसा? यात आणखी काय घालावं, किती वेळानं विचारावं, उघडी ठेवावी की कुलूप लावावं, तेही सांगा.

---

पाट्यावरचं वाटण | मंगळवार, रात्री १०.३१

वाचतोय. माझ्याकडेही तो हिरवा ठिपका आहे. आता झोप येणार नाही.

---

रूटकाकू | मंगळवार, रात्री ११.०५

घाटावरचे, तुमच्या तिन्ही कोड्यांची उत्तरं लिनक्सच्या प्रॉक फोल्डरातच आहेत. मी हे काम वीस वर्षं केलंय आणि या तिन्हींत स्वतः पडलेय, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

सीपीयूचं : कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 'आत्ता किती टक्के' असं कुठंच लिहून ठेवत नाही. मशीन सुरू झाल्यापासून किती वेळ कामात गेला, किती रिकामा गेला, किती डिस्कची वाट बघण्यात गेला, याचे नुसते वाढत जाणारे आकडे असतात. रिक्षाच्या मीटरसारखं समजा. वेग हवा तर दोनदा वाचून वजाबाकी करायची. पीएसयूटिलला थांबायचा अवधी दिला नाही तर पहिल्या हाकेला तो शून्यच देतो, कारण वजा करायला मागचं वाचन नसतं. तुमची एपीआय प्रत्येक विचारणीला नवी प्रक्रिया उघडत असेल तर तिची प्रत्येक हाक पहिलीच. पडद्यामागे प्रोग्रॅमचा एक थ्रेड चालू ठेवा, दर दहा सेकंदांनी मोजा, शेवटचा आकडा हाताशी ठेवा आणि विचारलं की तोच द्या.

मेमरीचं : 'मोकळी' हा शब्दच फसवा. लिनक्स रिकामी मेमरी नुसती पडू देत नाही, वाचलेल्या फाइली तिच्यात ठेवून देतो आणि कुणी मागितली की लगेच रिकामी करून देतो. तुम्हाला हवा आहे तो 'उपलब्ध' हा आकडा. तो कर्नलमध्ये ३.१४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे. त्याआधी आम्ही बफर, कॅश अशी बेरीज करत बसायचो आणि तीही चुकायची. तुमचे आठ जीबी बहुधा पुरेसे आहेत.

लोडचं : बाकीच्या युनिक्समध्ये लोड म्हणजे सीपीयूसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रक्रिया. लिनक्समध्ये १९९३ पासून डिस्कची वाट बघत अडकलेल्याही त्यात मोजतात, टॉपमध्ये ज्यांच्यापुढे डी दिसतो त्या. म्हणून सीपीयू निवांत आणि लोड सहा, असं दिसलं की संशय डिस्कवर घ्यायचा. कर्नल ४.२० किंवा पुढचा असेल तर प्रॉकमध्ये प्रेशर नावाचं फोल्डर बघा. सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांच्यापायी कामं किती टक्के वेळ अडून राहिली, ते वेगवेगळं सांगतं. मी हल्ली लोडपेक्षा त्यावरच विसंबते.

रूटचं : एक्सट्४ फाइल सिस्टिम पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. ८० जीबीत चार जीबी. डेटाबेस त्याच्या स्वतःच्या नावानं चालतो, त्याला ती दिसतच नाही. तुम्ही रूट, तुम्हाला मिळाली. तुमची एपीआय रूट म्हणून चालत असेल आणि 'लिहून बघते' म्हणत असेल, तर तिची साक्ष धरू नका.

आता माझा एक प्रश्न. लोड सहा कधीपासून आहे? ही एपीआय लिहायच्या आधीपासून की नंतर?

---

घाटावरचा | मंगळवार, रात्री ११.२०

काकू, दंडवत. लोडकडे आधी कधी बघितलंच नव्हतं, त्यामुळे सांगता येत नाही.

---

सोलापुरी चादर | बुधवार, सकाळी ८.४५

सकाळी सकाळी कटकट करतो, माफ करा. हे सगळं लिहायचंच कशाला? नोड एक्स्पोर्टर टाका. एक बायनरी, ९१०० पोर्टवर बसतं, हजारभर आकडे आपोआप देतं. ते प्रोमेथियसनं ओढून साठवायचे, ग्राफानात आलेख बघायचे. प्रोमेथियस २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये सुरू झालं, २०१६ मध्ये कुबेरनेटिसच्या पाठोपाठ क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनमध्ये गेलं, आज निम्मं जग वापरतं. यातल्या 'ओढण्या'चा फायदा असा की विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर तीच बातमी झाली. शिवाय गेल्या सहा तासांचा कल बघून 'ही डिस्क चार तासांत भरणार' असा अंदाज बांधणारं फंक्शन आहे. शुक्रवारचं रामायण त्यानं टळलं असतं.

चाक पुन्हा घडवायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

---

घाटावरचा | बुधवार, सकाळी ९.३०

चादरदादा, हौस नाही. पण एकच सर्व्हर, आणि सांभाळणारा मी एकटा, तोही दिवसा दुसरी नोकरी करणारा. ग्राफानाचे चाळीस आलेख रोज कोण बघणार?

---

रूटकाकू | बुधवार, सकाळी १०.१५

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. चादर, तुमचं नोड एक्स्पोर्टर 'यंत्र कसं आहे' हे उत्तम सांगतं, पण शिरढोणच्या केंद्रावरची शेवटची ओळ कधी आली हे त्याच्या बापाला माहीत नाही. ते यांनाच लिहावं लागेल. घाटावरचे, यंत्राचे आकडे स्वतः मोजत बसू नका. प्रोमेथियस जड वाटत असेल तर ग्लान्सेस हा तयार प्रोग्रॅम वेब मोडमध्ये चालवा, ६१२०८ पोर्टवर तयार जेसन देतं. तेही पायथनमध्येच आहे, आत तेच पीएसयूटिल.

एक सूचना : प्रोमेथियसचं पोर्ट ९०९० आणि ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायच्या कॉकपिटचंही ९०९०. दोन्ही एका मशीनवर टाकून अर्धा दिवस घालवलेल्यांचं मंडळ काढता येईल. मी अध्यक्ष.

---

कुडाळचो झील | बुधवार, दुपारी १.१०

कुलपाबद्दल कुणीच बोललेलं नाही म्हणून लिहितो. धागाकर्ते, परवानगी कशी तपासताय?

---

घाटावरचा | बुधवार, दुपारी १.२५

सोपी पद्धत आहे. विचारणी १२७.०.०.१ वरून, म्हणजे याच मशीनवरून, आली तर लगेच उत्तर, नाहीतर टोकन (परवलीची खूण) मागते. समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे, तो बाहेरची विचारणी पुढे पाठवतो.

---

कुडाळचो झील | बुधवार, दुपारी १.२८

रे बाबा! एनजिनएक्स त्याच मशीनवर आहे ना? मग तुझ्या एपीआयला प्रत्येक विचारणी १२७.०.०.१ वरूनच आलेली दिसते. मोबाइलचं वायफाय बंद कर आणि टोकनशिवाय उघडून बघ.

---

घाटावरचा | बुधवार, दुपारी १.३४

उघडलं.

जेवण तसंच टाकून बंद करतोय. परत येतो.

---

कुडाळचो झील | बुधवार, दुपारी २.०५

लाजण्यासारखं काही नाही, ही जुनी खोड आहे. अपाची या वेब सर्व्हरचं सर्व्हर-स्टेटस पान अशाच 'फक्त स्थानिक' नियमावर असतं. समोर दुसरा सर्व्हर बसवला की ते जगाला उघडं. त्या पानावर कोण कुठून आलं, कुठला पत्ता उघडला, सगळं दिसतं. टॉर या निनावी जाळ्यावरच्या लपवलेल्या साइटही या वाटेनं उघड्या पडल्यात, कारण तिथं सगळी वर्दळ स्थानिकच दिसते. जावातल्या स्प्रिंग बूटवाल्यांचं अ‍ॅक्च्युएटर तसंच. आरोग्य सांगायला ठेवलेला दरवाजा, आणि त्यातून मेमरीचा अख्खा डंप बाहेर, आत पासवर्ड.

माझी पद्धत अशी. बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता, तो फक्त 'ठीक' किंवा 'बिघाड' सांगतो, आकडा एकही नाही. सविस्तर पत्ता वायरगार्डच्या (स्वतःच्या खाजगी जाळ्याच्या) आतच. आणि चालू प्रक्रियांची यादी देत असशील तर त्यांच्या पूर्ण कमांड देऊ नकोस, कुणी ना कुणी कमांडच्या ओळीतच पासवर्ड लिहिलेला असतो.

बाकी तुमचा बॅकअप कुठं जातो? त्याच डिस्कवर? मग त्याक बॅकअप म्हणणत नाय.

---

अनुस्वार | बुधवार, दुपारी ३.४०

जेसनमधली नावं मराठीत ठेवल्याबद्दल अभिनंदन, पण 'दुसऱ्या' जपून. यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक स्वतंत्र अक्षर म्हणून, आणि एक र अधिक नुक्ता असा. दिसायला तंतोतंत सारखे, बाइट वेगळे. लिहिणाऱ्याचा कळफलक एक आणि वाचणाऱ्याचा दुसरा असला तर नाव जुळणार नाही आणि आपण तासभर पडद्याकडे बघत बसू. शिवाय कुणीतरी 'स्थिति' ऱ्हस्व लिहिणार, कुणी 'स्थिती'.

---

सोलापुरी चादर | बुधवार, दुपारी ३.५२

म्हणून म्हणतो, आतली नावं रोमनमध्ये आणि चेअरमनसाहेबांना दाखवताना मराठी. यावर वेगळा धागा काढा, दोनशे प्रतिसाद माझी गॅरंटी.

---

डब्लिनहून बंड्या | बुधवार, रात्री ११.५०

इथं आत्ता ऑफिस सुटलं. धागा वाचताना एक गोष्ट खटकली. धागाकर्ते, त्या सर्व्हरवर 'डेट' लिहून एंटर मारा आणि काय वेळ दाखवतो ते सांगा.

---

घाटावरचा | गुरुवार, पहाटे ५.१०

काल रात्री सव्वाअकरापर्यंतच मी जागा होतो, तुमचा प्रतिसाद आत्ता दिसला. मारलं. साडेपाच तास मागे आहे. बुधवार, रात्रीचे २३.४० दाखवतोय.

थांबा.

म्हणजे त्याचे रात्रीचे बारा म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच?

---

डब्लिनहून बंड्या | गुरुवार, दुपारी १.३०

तेच. भाड्याचे सर्व्हर बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) येतात. तुम्ही क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं करणाऱ्या यंत्रणेत) 'बारा वाजता बॅकअप' लिहिलंत आणि तो इमानेइतबारे बाराला करतोय, ग्रिनिचच्या आसपासच्या बाराला. तुमची साठ केंद्रं कॅन उघडतात त्याच मिनिटाला तो अख्ख्या डेटाबेसची प्रत त्याच डिस्कवर उतरवायला घेतो. लॉग फिरवणं (नोंदींच्या जुन्या फाइली बाजूला टाकणं) वगैरे 'रोज एकदा'ची सरकारी कामंही त्याच सुमाराला. भारताचं घड्याळ यूटीसीपेक्षा बरोबर साडेपाच तास पुढे असल्यामुळे हा योग जुळून येतो. पहाटे कामाला लागणारा प्रत्येक धंदा यात सापडतो : दूध, भाजी, वर्तमानपत्रं.

---

पाट्यावरचं वाटण | गुरुवार, दुपारी १.४१

मी आमच्या फुलबाजारवाल्या ग्राहकाचा क्रॉन उघडून बघतोय. हात थरथरतायत.

---

रूटकाकू | गुरुवार, दुपारी ४.००

वा बंड्या! हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

घाटावरचे, घड्याळ यूटीसीच राहू द्या, लॉग जुळवताना बरं पडतं. बॅकअप २० वाजता करा, म्हणजे आपला रात्रीचा दीड. आणि मी विचारलेलं राहिलंय. तुमची एपीआय एका विचारणीला काय काय करते, ते ओळीनं सांगा बघू. तो 'फोटो_फोल्डर_जीबी' कुठून येतो?

---

घाटावरचा | गुरुवार, सायंकाळी ६.१५

डीयू (फाइलींचा आकार मोजणारी कमांड) चालवते फोटोंच्या फोल्डरवर. पावतीचे फोटो आहेत, छोट्या छोट्या फाइली, नऊ-दहा लाख असतील. पडदा दर दहा सेकंदांनी ताजा होतो. चेअरमनसाहेबांच्या मोबाइलवर, ऑफिसच्या टीव्हीवर आणि माझ्याकडे, असा तिन्ही ठिकाणी उघडा असतो.

आत्ता लिहिताना कळलं. डीयू काढून टाकलं. पाच मिनिटांनी बघतो.

---

घाटावरचा | गुरुवार, सायंकाळी ६.३२

लोड ०.४.

---

सोलापुरी चादर | गुरुवार, सायंकाळी ६.४०

नाडी बघायला आलेला वैद्य छातीवर बसला होता!

---

संत्रानगर | गुरुवार, रात्री ९.२०

माझंही एक घ्या बाप्पा. आमच्याकडे डिस्क ४१ टक्के दाखवे आणि तरी 'जागा शिल्लक नाही' म्हणून ओरडे. दोन दिवस काही सुधरलं नाही. शेवटी आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीच्या जागा, संपलेले निघाले. पीएचपीच्या सेशनच्या बारक्या बारक्या फाइली साचल्या होत्या, प्रत्येकीला एक आयनोड, आणि एक्सट्४मध्ये त्यांची संख्या डिस्क तयार करतानाच ठरते. डीएफ या डिस्कची जागा सांगणाऱ्या कमांडला आय जोडून विचारलं तेव्हा शंभर टक्के दिसलं. तुमच्या नऊ लाख फोटोंकडे पाहून आठवलं. एपीआयत जागेच्या शेजारी आयनोडचा आकडाही ठेवा.

दुसरं, मोठी लॉग फाइल उडवली तरी जागा परत येत नसेल तर कुठल्या तरी चालू प्रक्रियेनं ती धरून ठेवलेली असते. ती प्रक्रिया पुन्हा सुरू केली की जागा सुटते. डीयू एक सांगतो आणि डीएफ दुसरंच, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

---

रूटकाकू | शुक्रवार, सकाळी ११.००

आता मूळ मुद्द्यावर येते. 'अवस्था : ठीक' ही ओळ कशावरून ठरवताय?

---

घाटावरचा | शुक्रवार, सकाळी ११.२०

डेटाबेसला 'सिलेक्ट एक' ही नुसती वाचायची विचारणी पाठवतो. उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर तिथं 'बिघाड' लिहून येतं.

---

रूटकाकू | शुक्रवार, दुपारी १२.१०

यात दोन खड्डे आहेत.

पहिला : 'बिघाड' लिहून येतं, पण एचटीटीपीचा कोड काय जातो? माझी खात्री आहे की २००. तुमची ती फुकटची सेवा मजकूर वाचत नाही, कोड बघते. बिघाड असेल तर 'सेवा बंद' सांगणारा ५०३ द्या, नाहीतर पुन्हा हिरवा ठिपकाच बघत बसाल. आणि उत्तरावर 'साठवू नका' असा हेडर लावा. मधल्या कुणी कॅश केलं तर कालची तब्येत आज कळेल.

दुसरा खड्डा खोल आहे. शुक्रवारी 'सिलेक्ट एक' चाललंच असतं, कारण वाचायला जागा लागत नाही. तुमचा सर्व्हर श्वास घेत होता, दूध लिहीत नव्हता. कुबेरनेटिसवाले, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या अनेक प्रती (कंटेनर) एकदम चालवणारे, या दोन प्रश्नांना दोन वेगळे पत्ते देतात. एक 'जिवंत आहेस का', त्याला नाही म्हटलं की कंटेनर मारून पुन्हा उठवतात. दुसरा 'काम घेऊ शकतोस का', त्याला नाही म्हटलं तर मारत नाहीत, फक्त नवीन काम पाठवणं थांबवतात. दोन्हींत डेटाबेसची तपासणी कोंबली तर काय होतं? डेटाबेस जरा मंदावला की चांगली चालणारी दहाही कंटेनर एकदम मारली जातात, मग उठताना सगळी मिळून त्याच दमलेल्या डेटाबेसवर तुटून पडतात. तुमच्याकडे एकच सर्व्हर आहे म्हणून इतकं नाटक होणार नाही, पण फरक मनात असू द्या.

तुमच्यासाठी मी तिसरा प्रश्न ठेवीन : शेवटची खरी ओळ किती मिनिटांपूर्वी आली? पावणेसहा ते पावणेआठ या वेळात साठ केंद्रांपैकी एकाकडूनही दहा मिनिटांत ओळ आली नाही, तर काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते नंतर शोधू. सीपीयू, मेमरी, डिस्क हे त्या शोधासाठी. माणसाला उठवायचं ते या एका आकड्यावर. शंभर गोष्टींवर घंटा वाजवली तर आठवड्याभरात तुम्ही फोन उलटा ठेवून झोपाल.

---

डब्लिनहून बंड्या | शुक्रवार, रात्री १०.४०

काकूंच्या 'दहाही एकदम' याला मोठं उदाहरण आहे. ४ ऑक्टोबर २०२१, फेसबुक सहा-एक तास बंद होतं. देखभालीच्या एका कमांडमुळे त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं आतलं जाळं तुटलं. त्यांच्या डीएनएस सर्व्हरांना, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्यांना, नियम असा दिलेला, की डेटा सेंटरशी बोलता आलं नाही तर आपली तब्येत बिघडली असं समजून इंटरनेटवरून स्वतःचा पत्ता मागे घ्यायचा. एकट्या सर्व्हरसाठी नियम शहाणपणाचा. त्या दिवशी सगळ्यांनाच बोलता येईना, सगळ्यांनी एकदम पत्ते मागे घेतले. डीएनएस सर्व्हर स्वतः धडधाकट होते.

आणि दुसरं, घंटा कुठं बसवायची. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनची फाइली साठवायची एस३ सेवा व्हर्जिनियात पडली तेव्हा त्यांचं स्वतःचं स्थितीफलक काही तास बदलताच येईना, कारण ते बदलायची यंत्रणा एस३ वरच उभी होती. अखेर ट्विटरवर सांगावं लागलं. तेव्हा घाटावरचे, तुमची एपीआय त्याच सर्व्हरवर, तिचा निरोप पाठवणारी स्क्रिप्टही त्याच सर्व्हरवर, हे चालायचं नाही. विचारणारा दुसऱ्या घरात राहिला पाहिजे. घरी जुना रास्पबेरी पाय (छोटा संगणक) असेल तर त्यावर बाहेरून पहारा ठेवणारं अपटाइम कुमा टाका, ३००१ वर चालतं. घरची वीज गेली तर इन्व्हर्टर आहेच.

---

कुडाळचो झील | शनिवार, सकाळी ९.००

आणि घंटेची तार जोडलेली आहे की नाही तेही बघा. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या साइटचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण त्यांनी स्वतःच जाहीर लिहून ठेवलंय. रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर उडवलं, मग बॅकअप बघायला गेले तर रिकामा. आवृत्ती न जुळल्यामुळे डंप होतच नव्हता. चूक झाली की मेल जायची सोय होती, पण त्या मेलना डीमार्क (मेल खरंच त्याच ठिकाणाहून आली का हे पडताळायची सोय) लावलेलं नसल्यामुळे समोरचा सर्व्हर ती नाकारत होता. कुणालाच काही कळलं नाही. सहा-एक तासांचा डेटा गेला.

म्हणून बॅकअपला उलटं करा. बिघडलं तर सांग असं नको, झालं की सांग. दीडला सुरू होऊन अडीचपर्यंत 'झालो' अशी हाक बाहेरच्या मशीनला आली नाही, तर त्या मशीननं ओरडायचं.

---

सोलापुरी चादर | शनिवार, सकाळी ९.३५

साइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटची (एचटीटीपीएसच्या) मुदतही घाला यात. लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं असतं. आणि ब्राउझरवाल्यांनी ठरवलंय त्याप्रमाणे मार्च २०२९ पासून कुणाचंच ४७ दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही. नूतनीकरणाची स्क्रिप्ट गप्प मेली की एका सकाळी साठही केंद्रं बाहेर.

---

घाटावरचा | पुढच्या आठवड्यातला गुरुवार, सकाळी ९.५०

मंडळी, थोडं कळवायचं होतं.

झालंय ते असं : बाहेर उघडा पत्ता एकच, २०० किंवा ५०३, मजकूर शून्य. सविस्तर पत्ता वायरगार्डच्या आत. आकडे मागे तीस सेकंदांनी एकदा मोजले जातात, कितीही जणांनी विचारलं तरी तेच मिळतात. आयनोड आणि सर्टिफिकेट घातलं. बॅकअप दीडला, दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर जातो. काकूंच्या सांगण्यावरून शेवटच्या ओळीची वेळ घेतो, पण साठ केंद्रांची मिळून नाही, केंद्रागणिक. जेसनमधली नावं रोमन केली, अनुस्वारसाहेब सुखी भव. चादरदादा, नोड एक्स्पोर्टरही टाकलंय, आलेख मात्र दोनच ठेवलेत.

घरच्या पायवर कुमा बसवलं. गंजलेल्या डब्यात आहे, पण चालतं.

आज पहाटे पाच अठ्ठावन्नला मोबाइल वाजला. सर्व्हरवर सगळं जागच्या जागी : लोड अर्धा, डिस्क ४९, डेटाबेस टुणटुणीत. पण चौदा केंद्रांची शेवटची ओळ पाच सेहेचाळीसची, आणि चौदाही ओढ्यापलीकडच्या रस्त्यावरची. बाकी सेहेचाळीस धडाधड लिहितायत. त्या रस्त्याचं रुंदीकरण चाललंय, जेसीबी रात्रभर असतो. केबल गेली असणार हे चहा ठेवायच्या आधी कळलं.

सहा दहाला तिकडच्या सचिवांचा फोन. "साहेब, सर्व्हर बंद हाय का?"

म्हटलं, सर्व्हर चालू आहे, तुमच्या रस्त्याची केबल तुटलीय, पलीकडची चौदाही केंद्रं अडकलीत, आज वहीत लिहा, दुपारी चढवू.

पलीकडे जरा वेळ नुसता कॅनचा आवाज. मग म्हणाले, "तुम्ही गावात आलाय व्हय?"